जुन्या जीपमध्ये कॉमन रेल इंजिन: कापलेला हार्नेस रंग बघून जोडावा का?

प्रश्न असा आहे. खानापूर तालुक्यातल्या एका वाचकाकडे जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप आहे. तिचं मूळचं २११२ सीसीचं प्यूजो डिझेल आता पार दमलंय. त्यांनी कोल्हापूरकडच्या एका भंगारवाल्याकडून बोलेरोचं एम-टू-डीआयसीआर, म्हणजे २५२३ सीसीचं कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) इंजिन आणलंय. इंजिनावरचं वायरिंग शाबूत आहे आणि ईसीयूही (इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) मिळालाय. पण उतरवणाऱ्यानं घाईत ईसीयूच्या कपलरपासून (वायरींच्या टोकाचा प्लग) वीतभर वायर ठेवून वायरींचा सगळा जुडगा, म्हणजे हार्नेस, कटरनं कापलाय. गावातला इलेक्ट्रिशियन म्हणतोय, "रंगाला रंग लावतो, दोन दिवसांत स्टार्ट करून देतो." करू द्यावं का?

नका करू देऊ. तो माणूस हुशार असेल, त्यानं शंभर ट्रॅक्टर आणि टेम्पो दुरुस्त केले असतील, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण या कामात रंग हा पुरावा नव्हे. अशा हार्नेसमध्ये एकाच रंगाच्या चार-पाच वायरी सहज सापडतात, विशेषतः सेन्सरच्या अर्थच्या. इंजिनाच्या उष्णतेनं पांढरी वायर पिवळट होते, पिवळी तपकिरी होते आणि बारीक पट्टे तर निघूनच जातात. त्यात पाच व्होल्टची सेन्सर लाइन चुकून बारा व्होल्टला लागली, तर एक सेन्सर जाऊन भागत नाही. त्या लाइनवरचे बाकीचे सेन्सर आणि ईसीयूचा तो भाग, सगळंच एका क्षणात धोक्यात येतं. फ्यूज उडायच्या आत नुकसान होऊन गेलेलं असतं.

जुन्या प्यूजोला वायरिंग लागायचंच कुठं? सेल्फ, डायनामो, हीटर प्लग, ऑइल आणि टेंपरेचरचे सेंडर, संपलं. बंद करायला एक तर दोरी ओढायची, नाहीतर पंपावरच्या सोलेनॉइडची एक वायर. बॅटरी मेली तरी जांबोटीच्या उतारावर गाडी सोडायची आणि गिअरमध्ये स्टार्ट करायची. कॉमन रेलमध्ये हे सगळं बदललं. डिझेल कधी सोडायचं, किती सोडायचं, रेलमध्ये दाब किती ठेवायचा हे ईसीयू ठरवतो, आणि तो ठरवतो सेन्सरच्या सांगण्यावर. इंजिन फिरतंय हे सांगणाऱ्या क्रँक सेन्सरचा सिग्नल आला नाही तर इंजेक्टर उघडतच नाही, मग सेल्फ कितीही मारा. इथं वायरिंग हा पंप आणि इंजेक्टरइतकाच इंजिनाचा भाग आहे.

म्हणून, इंजिन अजून बसवलेलं नसेल तर आधी एक विचार करा. गाडी शेतात, काजूच्या बागेत आणि आठवड्याच्या बाजारालाच वापरायची असेल, तर त्याच घराण्यातलं मेकॅनिकल पंपाचं २५२३ सीसीचं डीआय इंजिन तुम्हाला जास्त सोयीचं आहे. त्याला जीपचं जुनंच वायरिंग थोडंफार बदलून चालतं, आणि कणकुंबीच्या पावसात कुठं अडकलात तर कुठलाही मेकॅनिक हात घालू शकतो. कॉमन रेल शांत चालतं, ओढ चांगली देतं, हे खरं. पण तुमच्या जागी मी असतो तर भंगारवाल्याला विचारलं असतं, बदलून देतोस का म्हणून.

कागदांचंही आत्ताच बोलून घेऊ, कारण इंजिन बसल्यावर कोणी ऐकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदींशी न जुळणारा बदल मालकाला मनानं करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून फारकत घेणाऱ्या बदलांबद्दल हेच ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीतल्या कलम १८२-अ नुसार बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा इंजिनाचं बिल, त्यावर इंजिन नंबर, आणि ते ज्या गाडीचं होतं तिचे कागद घेऊन आधी बेळगावच्या आरटीओत लेखी विचारा. परवानगी मिळणार नसेल तर ते पैसे खर्च करण्याआधी कळलेलं बरं. आपल्या सीमाभागात आणखी एक भानगड असते: जीप इकडं वापरात आणि पाटी मात्र एमएच ०९. तसं असेल तर कोल्हापूरची एनओसी आणि केए २२ ला नोंदणी हे आधी उरका. शिवाय पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. त्या तपासणीत इंजिन नंबर बघतात, आणि अपघात झाला तर विमा कंपनीही तोच बघते.

आता वायरिंग.

पहिला प्रयत्न न कापलेला हार्नेस मिळवण्याचा करा. त्याच मॉडेलचा, त्याच उत्सर्जन मापदंडाचा इंजिन हार्नेस ईसीयूच्या कपलरसकट अखंड मिळाला, तर तो दुप्पट किमतीला पडला तरी स्वस्त आहे. हार्नेसवर टेपमध्ये गुंडाळलेलं स्टिकर असतं, त्यावरचा पार्ट नंबर आणि ईसीयूच्या लेबलवरचा नंबर यांचा मेळ बसतो का बघा. बोलेरो म्हणजे बोलेरो, असं समजू नका. वर्ष बदललं की पिना बदलतात. ईसीयू मात्र तुमच्या इंजिनाबरोबर आलेलाच ठेवा, कारण प्रत्येक इंजेक्टरवर छापलेला कोड त्या ईसीयूत भरलेला असतो. दुसरा ईसीयू लावला तर ते कोड स्कॅनरनं पुन्हा भरावे लागतील.

इंजिनाबरोबर आणखी काय आलंय तेही बघा. मूळ गाडीला इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी चोरीविरोधी सोय) असेल तर ईसीयू, चावी आणि इमोबिलायझरचा डबा हे तिन्ही एकाच गाडीचे लागतात. चावी भंगारवाल्याकडं राहिली असेल तर आजच जाऊन घेऊन या. पुढच्या महिन्यात ती सापडणार नाही. तसंच अ‍ॅक्सिलरेटर पेडल. तुमच्या जीपला दोरीचं पेडल आहे, या इंजिनाला दोरी लागतच नाही. याच्या पेडलमध्ये दोन वेगवेगळे सेन्सर असतात, दोघांना आपापली पाच व्होल्ट, आपापली अर्थ आणि आपापली सिग्नल वायर, म्हणजे सहा वायरी. एका ट्रॅकचं व्होल्टेज दुसऱ्याच्या साधारण दुप्पट असतं. ईसीयू दोन्ही ताडून बघतो आणि जुळलं नाही तर गाडी लिंप मोडला टाकतो, म्हणजे ताकद तोडून जेमतेम चालू देतो. दुसऱ्या कुठल्या गाडीचं पेडल लावून बघू, हा प्रयोग इथं चालत नाही.

अखंड हार्नेस मिळालाच नाही तर कापलेला जोडता येतो. पण काम कागदावरून सुरू व्हायला हवं. एक जाड वही घ्या. डावीकडं ईसीयूच्या कपलरवरचा पिन नंबर (कपलरच्या तोंडावर बारीक अक्षरात कोपऱ्यातल्या पिनांचे आकडे असतात, मोबाइलचा कॅमेरा झूम करून बघा), मग वायरीचा रंग आणि जाडी, मग ती कुठल्या सेन्सरच्या कुठल्या पिनला जाते ते. त्या मॉडेलचं वायरिंग डायग्राम मिळवा आणि प्रत्येक ओळ मीटरनं पडताळा. तुटलेली दोन्ही टोकं, प्रत्येकाला टेपचा झेंडा, आणि झेंड्यावर फक्त आकडा. आमच्याकडं बेळगावच्या उद्यमबागेत एका बाकावर गोकाककडचा पोरगा कन्नडात लिहितो, खानापूरचा मराठीत, आकडे मात्र दोघंही तेच वाचतात. झेंड्यावर रंगांची नावं लिहिलीत की घोटाळा हमखास.

कंटिन्युटी, म्हणजे वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का ते, बघताना मीटरचा जाड प्रोब कपलरच्या तोंडातून आत खुपसू नका. आतली बायकी पिन म्हणजे स्प्रिंगसारखी दुमडलेली पातळ पत्री असते. प्रोब घातला की तिची तोंडं फाकतात, मग खरी पिन आत गेल्यावर नुसती टेकते, पकडत नाही. बाहेरून काही दिसत नाही, कपलर टिक करून बसतो, आणि गाडी तीन महिन्यांनी खड्ड्यात आदळली की बंद पडते. पुढच्या खड्ड्यात पुन्हा चालू होते. असा फॉल्ट शोधण्यात माणूस म्हातारा होतो. म्हणून मागच्या बाजूनं, वायरीला लागून, रबरी सीलच्या कडेनं बारीक टाचणी आत सरकवा आणि तिला मीटरची क्रोकोडाइल क्लिप लावा.

वही पूर्ण झाली की तुमच्या लक्षात येईल, इंजिन आणि ईसीयू यांच्यातल्या वायरी हा मोठा गठ्ठा आहे आणि त्यात तुम्हाला डोकं चालवायचं नाही. जिथून आली तिथं जोडायची, बस्स. गाडीच्या बाजूला जाणाऱ्या वायरी थोड्याच निघतात: बॅटरीचा कायमचा सप्लाय, चावीचा सप्लाय, मेन रिले (छोट्या प्रवाहानं मोठा सप्लाय चालू-बंद करणारा स्विच), अर्थ, पेडल, ब्रेक आणि क्लचचे स्विच, स्पीड सेन्सर, चेक इंजिनचा दिवा, स्कॅनरचा सॉकेट, आणि असेल तर इमोबिलायझर. एसी, इमिशनचे दिवे, मूळ मीटर कन्सोल यांच्या वायरी सध्या टोकं बंद करून गुंडाळून ठेवा. कापून फेकू नका.

सप्लायची गोष्ट नीट समजून घ्या, कारण ९५ टक्के वगैरे आकडा सांगत नाही, पण माझ्याकडं "स्वॅप केलंय, चालत नाही" म्हणून येणाऱ्या गाड्यांत ईसीयू क्वचितच खराब असतो. सप्लाय आणि अर्थ इथंच घोडं अडलेलं असतं.

रिलेवर आणि चावीच्या स्विचवर आकडे असतात, ते सगळीकडं सारखे आहेत. ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा सप्लाय, १५ म्हणजे चावी चालू केल्यावर येणारा, ५० म्हणजे सेल्फ, ३१ म्हणजे अर्थ. रिलेमध्ये ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ८७ बाहेर जाणारा सप्लाय. कॉमन रेलच्या ईसीयूचा मेन रिले थेट चावीवर चालत नसतो. चावीची वायर ईसीयूला फक्त सांगते की मालक आलाय. मग ईसीयू स्वतः रिलेची कॉइल अर्थ करून ८७ मधून स्वतःचा मोठा सप्लाय घेतो. चावी बंद केल्यावरही तो काही सेकंद रिले धरून ठेवतो, कारण त्याला आपली शिकलेली माहिती मेमरीत लिहायची असते. ज्यांना हे ठाऊक नाही ते रिलेची कॉइल सरळ चावीला जोडतात. गाडी चालू होते, सगळे खुश. पण चावी बंद केली की ईसीयू लिहिता लिहिता मरतो, आणि काही आठवड्यांनी विचित्र फॉल्ट कोड दिसायला लागतात.

आणि चावीचा सप्लाय कुठून घेताय ते बघा. जुन्या जीपच्या स्विचवर एक टर्मिनल सेल्फ मारताना बंद पडतं, रेडिओ आणि पंख्यासाठी असतं ते. घाईत तिथून वायर घेतली जाते. मग नाटक असं होतं: चावी चालू केली की दिवे लागतात, स्कॅनर बोलतो, सगळं ठीक. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरतं, पकडत नाही. सेल्फ सोडताना मात्र एखादा आचका येतो. कारण फिरत असताना ईसीयू झोपलेला होता. तपासायला सोपं आहे. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल त्या वायरीवर, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. व्होल्टेज १०-११ वर येऊन टिकलं तर ठीक. शून्यावर पडलं तर टर्मिनल बदला.

अर्थचं म्हणाल तर जीपचे पत्रे जुने, त्यावर रंगाचे थर, त्याखाली गंज, आणि आपल्या खानापूरच्या लाल मातीचा चिखल. पत्र्यावर स्क्रू मारून घेतलेली अर्थ या इंजिनाला चालणार नाही. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक जाड केबल इंजिन ब्लॉकला, ३५ स्क्वेअर एमएमची. तिथूनच एक वेणीची पट्टी चासीला. ईसीयूच्या अर्थच्या सगळ्या वायरी एकत्र करून थेट बॅटरी निगेटिव्हला किंवा ब्लॉकवरच्या त्याच बोल्टला. सेन्सरची अर्थ मात्र कधीही चासीला लावायची नाही. ती ईसीयूच्या आतूनच येते आणि ईसीयूतच परत जाते. तुमचा इलेक्ट्रिशियन म्हणेल, "अर्थ ती अर्थच की." नाही हो. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो तेव्हा चासीचं व्होल्टेज काही पॉइंटनं हलतं, आणि अर्ध्या व्होल्टच्या फरकावर बोलणारा सेन्सर त्यात खोटं सांगायला लागतो. तपासणी अशी: सेल्फ चालू असताना ब्लॉक आणि बॅटरी निगेटिव्ह यांच्यामध्ये मीटर लावा. ०.२ व्होल्टपर्यंत उत्तम, अर्ध्याच्या वर गेलं तर केबल, लग किंवा बोल्ट यांत दोष आहे.

वायरीची जाडी अंदाजानं घेऊ नका, गणित सोपं आहे. तांब्याचा रोध मीटरला ०.०१७५ भागिले जाडी (स्क्वेअर एमएम). बॅटरीपासून मेन रिलेमार्गे ईसीयूपर्यंत चार मीटर वायर आणि १५ अँपिअर प्रवाह धरा. १ स्क्वेअर एमएमच्या वायरीत एक व्होल्टहून जास्त वाटेतच जातं. अडीचच्या वायरीत ०.४२ व्होल्ट जातं. सेल्फ मारताना बॅटरी आधीच दहावर आलेली असते, त्यातून एक वजा केला तर ईसीयूला नऊच उरतात. म्हणून मेन सप्लायला २.५, सेन्सरला ०.५ किंवा ०.७५, हीटर प्लगच्या फीडला किमान ६. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो, म्हणून तो वायरीच्या जाडीवर ठरवा: १ च्या वायरीला १० अँपिअर, अडीचच्या वायरीला २० किंवा २५. आणि फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ तितका बरा.

घरातल्या फिटिंगची वायर वापरू नका. तिचं पीव्हीसी साधारण ७० अंशांचं असतं, एक्झॉस्टजवळ ते मऊ होतं. १०५ अंशांची ऑटो वायर मागा. आजकाल बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनिअमची वायरही फिरते. एक तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी निघाली तर रीळ परत द्या.

काही वायरींना जोड द्यायचाच नाही. क्रँक सेन्सरची जोडी, तिच्याभोवतीच्या जाळीसकट, आणि इंजेक्टरच्या वायरी. तुमच्या बाबतीत जुडगा कपलरजवळच कापलाय, म्हणून इथं कष्ट आहेत: ईसीयूच्या कपलरमधून त्या पिना काढायच्या, नवीन पिना आणायच्या आणि सेन्सरपासून ईसीयूपर्यंत एकसंध वायर टाकायची. पिन काढायला कपलरचं दुसरं लॉक आधी उघडावं लागतं, मग बारीक डी-पिनिंग टूल. सायकलच्या स्पोकनं काढायला गेलात तर कपलर जाईल. क्रँक सेन्सरची जाळी एकाच टोकाला अर्थ असते, ईसीयूच्या बाजूला. दोन्हीकडं लावली तर तिच्यातूनच प्रवाह वाहतो आणि सिग्नल खराब होतो. दोन वायरींचा क्रँक सेन्सर असेल तर त्याची उलटसुलट चालत नाही. इंजेक्टरला ईसीयू बारा व्होल्ट देत नाही. आत व्होल्टेज वाढवून उघडतानाचा झटका ६०-८० व्होल्टचा देतो. तिथं टेस्ट लॅम्प लावायचा नाही, चालू इंजिनवर कपलर काढायचा नाही. प्रत्येक इंजेक्टरच्या दोन वायरी एकमेकींभोवती पिळलेल्या ठेवायच्या आणि सिलिंडरचा क्रम वहीत तीनदा बघायचा.

बाकीच्या वायरींना क्रिंप करा, म्हणजे धातूची क्लिप पक्कडीनं दाबून जोड द्या. रॅचेटची पक्कड घ्या, दोन पंख तांब्यावर आणि दोन इन्शुलेशनवर बसले पाहिजेत. बसल्यावर हातानं ओढून बघा. सोल्डरची सवय असलेले माझ्यावर चिडतील, पण इंजिनाच्या थरथराटात सोल्डर जिथं संपतं तिथं वायर मोडते, कारण कथील आत झिरपून तार कडक होते. सोल्डर करायचंच असेल तर वर गोंदवाली हीट स्लीव्ह घाला आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाका. सगळे जोड एकाच जागी आणू नका. दोन-दोन बोटं मागंपुढं ठेवा, नाहीतर तिथं अजगराच्या पोटासारखी गाठ होते आणि पाणी नेमकं तिथंच साठतं.

पाणी म्हणताना खानापूर डोळ्यासमोर ठेवा. चिकोडी-निपाणीकडं जे चालून जातं ते तुमच्याकडं जून ते सप्टेंबर चालत नाही. ईसीयू जीपच्या आत, डॅशबोर्डखाली, जमेल तेवढा उंच बसवा आणि त्याच्या कपलरचं तोंड खाली किंवा आडवं ठेवा. वायरी कपलरला लागण्याआधी खाली झुकून मग वर जाऊ द्या, म्हणजे वायरीवरून आलेलं पाणी त्या वळणावरून गळून पडेल. पत्र्याला भोक पाडलं की त्यात रबरी ग्रोमेट हवाच. बाहेर खाचेचा फ्लेक्झिबल पाइप, आत केबिनमध्ये कापडी टेप. साधी पीव्हीसी टेप दोन उन्हाळ्यांत चिकट काकवी होते. आणि उंदीर! ऊस तुटला की शिवारातले उंदीर थेट गाड्यांच्या बॉनेटखाली मुक्कामाला येतात. त्यांना रोखणारी पक्की दवा मी तरी पाहिलेली नाही. निदान पाइपची टोकं उघडी ठेवू नका आणि गाडी आठ-आठ दिवस उभी करू नका.

स्कॅनरचा १६ पिनांचा सॉकेट जरूर बसवा. तो नसेल तर तुम्ही आंधळे आहात. १६ नंबरला बॅटरीचा सप्लाय, ४ आणि ५ ला अर्थ, ६ ला कॅन हाय, १४ ला कॅन लो (कॅन म्हणजे ईसीयू ज्या दोन वायरींवर बोलतो ती लाइन), आणि ईसीयूला के-लाइन (एका वायरीची बोलण्याची लाइन) असेल तर ती ७ ला. कॅन असेल तर बॅटरी काढून ६ आणि १४ मध्ये रोध मोजा. ६० ओहम यायला हवा, म्हणजे दोन्ही टोकांचे १२०-१२० चे रेझिस्टर जागेवर आहेत. १२० आला तर एक टोक मूळ गाडीच्या मीटर कन्सोलमध्ये राहिलंय. त्या टोकाला १२० ओहमचा एक रेझिस्टर लावा.

जीपचे जुने काटे या इंजिनाच्या सेन्सरवर चालवायचा मोह टाळा. टेंपरेचरचा ईसीयूचा सेन्सर आणि काट्याचा सेंडर वेगवेगळे हवेत. एकाच सेन्सरवर दोघांना लावलं तर दोघंही चुकीचं वाचतात. इंजिनात रिकामा प्लग असेल तिथं जीपचा सेंडर बसवा. अल्टरनेटरच्या दिव्याची वायर विसरू नका, बऱ्याच अल्टरनेटरना चार्जिंग सुरू करायला त्या बल्बमधूनच सुरुवातीचा प्रवाह मिळतो. तो बल्ब काढून एलईडी लावली की "चार्जिंग होत नाही" म्हणून तक्रार.

इंजिनाचे माउंटिंग वेल्ड करायचे राहिले असतील तर वेल्डिंगच्या वेळी ईसीयू आणि बॅटरी दोन्ही सुटे असू द्या.

पहिल्यांदा चालू करताना ईसीयू लावूच नका. आधी त्याच्या कपलरवर सप्लायच्या आणि अर्थच्या पिना एकेक तपासा (मेन रिलेची कॉइल तेवढ्यापुरती वायरीनं अर्थ करा, कारण ते करणारा ईसीयू लावलेला नाही), आणि नुसत्या मीटरनं तपासू नका. गंजलेल्या वायरीतूनही मीटरला पूर्ण बारा दिसतात. २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावून बघा, तो झगझगीत लागला पाहिजे. मग बॅटरी काढा, ईसीयू लावा, बॅटरी जोडा, चावी चालू. स्कॅनरवर कूलंटचं तापमान बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. पेडल दाबलं की टक्केवारी शून्यापासून सलग वर गेली पाहिजे. रेल सेन्सरचं व्होल्टेज इंजिन बंद असताना साधारण अर्धा व्होल्ट. मग सेल्फ मारा आणि दोनच आकडे बघा: आरपीएम आणि रेलचा दाब. आरपीएम शून्य असेल तर क्रँक सेन्सरची वायर. आरपीएम आहे पण दाब दोनशे बारच्या आसपास पोचत नाही, तर वायरिंगकडं वळण्याआधी डिझेलच्या लाइनमधली हवा आणि फिल्टर बघा. हवा काढायला चालू इंजिनवर हाय प्रेशरचा पाइप सैल करायचा नाही, हे तुमच्या इलेक्ट्रिशियनला निक्षून सांगा. जुन्या प्यूजोवर ती सवय चालली. इथं दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची धार कातडी फोडून आत जाते.

तुमच्या इलेक्ट्रिशियनलाच हे काम द्यायला माझी हरकत नाही, फक्त वही आणि मीटर घेऊन बसायची त्याची तयारी हवी, आणि दोन दिवसांची घाई नको. मला ईसीयूच्या लेबलचा स्पष्ट फोटो, कपलरच्या तोंडाचा फोटो, आणि पेडल व चावी मिळाली की नाही एवढं कळवा. मेन रिले आणि चावीच्या पिना कुठल्या ते त्यावरून सांगतो. तोपर्यंत कुठल्याही दोन वायरी एकमेकींना लावू नका.